साहेबाच्या बंगल्यातला सासूबाईंचा फोटो

माणसांचे फोटो काढायचा मला मनापासून कंटाळा. पांढुर्ण्यात त्या काळी कॅमेरा असलेली बाई मी एकटीच असेन, त्यामुळे ज्याला त्याला वाटे, बाईंना सांगितलं की झालं. कुणाची मुलगी दाखवायची असे, कुणाचा म्हातारा अंथरुणाला खिळलेला असे. एकानं नवी बैलजोडी घेतली, तिचा फोटो काढून घेतला, आणि फोटोत डावा बैल काळा दिसतो म्हणून माझ्याशी बोलणं टाकलं. डावा बैल काळाच होता. शेवटी मी सांगून टाकलं की या कॅमेऱ्यात जिवंत काही येत नाही, आणि सोडून दिलेल्या, ओस पडलेल्या इमारतींचे फोटो काढायला लागले. इमारत हलत नाही, डोळे मिटत नाही आणि फोटो कधी मिळेल म्हणून शाळेच्या दारात येऊन उभी राहत नाही.

मी मुलींच्या शाळेत मास्तरीण होते. शाळा सुटली की विहिरीचं पाणी, चूल आणि सासूबाई. नवरा नागपूरला सचिवालयात कारकून होता. शनिवारी संध्याकाळच्या पॅसेंजरनं यायचा, रविवारी परत जायचा. आमच्या पिढीच्या बायका नवऱ्याला ‘हे’ म्हणत, मीही म्हणत असे; पण लिहिताना वाचणाऱ्याचा घोटाळा नको म्हणून सरळ नवरा म्हणते. मूल नव्हतं. त्याचं मला जे वाटायचं ते वाटून संपलं होतं, पण गावाचं संपत नव्हतं. विहिरीवर रोज कुणीतरी नवा वैद, नवा गंडा, नवा उपास सुचवायचं. तिशीतच मी इतकी थकले होते की रविवारी दुपारी चार तास झोपूनही उठताना अंग जड वाटायचं.

कॅमेरा नवऱ्याचा. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा नागपुरातले साहेब लोक घरं आवरून विलायतेला निघाले आणि त्यांच्या सामानाचे लिलाव झाले. तिथून त्यानं हा काळा, डब्यासारखा बॉक्स कॅमेरा आणला, महिनाभर मिरवला आणि मग कोनाड्यात ठेवून दिला. मी तो उचलला तेव्हा त्याच्या मागे कोळ्यानं संसार थाटला होता. एका रोलमध्ये आठ फोटो यायचे. भरलेला रोल नवरा नागपूरला न्यायचा आणि धुतलेले फोटो पुढच्या नाहीतर त्याच्या पुढच्या शनिवारी आणायचा. शनिवारची मी वाट पाहत असे ती जास्त करून फोटोंसाठी, आणि हे त्यालाही ठाऊक होतं. त्यावरून तो चिडवायचाही. ते दिवस तसे बरे होते.

एकटी बाई ओसाड जागी हिंडते म्हटल्यावर गाव गप्प कसं बसेल? सासूबाईंनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी छत्री काढून ओसरीवर ठेवली.

“मी येत जाईन तुह्या संगं,” त्या म्हणाल्या. “लोकं इचारतीन तं सांगू, जामसांवलीले जाऊन राहिलो, मारुतीच्या दर्शनाले.”

“आणि खोटं बोलल्याचं पाप?”

“खोटं काहून? दर्शन घेऊ नं. आधी तुही पडकी घरं, मंग मारुती.”

अशा रीतीनं मारुतीच्या दर्शनाच्या वाटेवर आम्ही चार-पाच वर्षं वाकड्या वाटेनं गेलो. सौंसरच्या मोटारीत बसायचं, मध्येच कुठेतरी उतरायचं, शेतातून चालायचं. सासूबाई उंच, काटकुळ्या, नऊवारी लुगड्यात पुरुषासारख्या ढांगा टाकणाऱ्या. उन्हाला शिव्या देत चालायच्या, पण माझ्या पुढे चालायच्या. मला सासू म्हणून त्यांचा त्रास होताच. मीठ कमी, वरण पातळ, शाळेत पातळ नेसून जातेस ते पदर सुटण्यासारखं, हे सगळं रोजचं होतं. मात्र या हिंडण्यात त्या सासू नसायच्या. त्यांचं माहेर रामाकोन्याच्या बाजूला, शेतकऱ्याचं घर. लग्नानंतर इतकं रानात हिंडायला त्यांना माझ्या कॅमेऱ्यामुळेच मिळालं.

त्यांची एक खोड होती. कितीही पडकी इमारत असो, त्या उंबऱ्याबाहेर थांबायच्या, चपला काढायच्या आणि आत तोंड करून मोठ्यानं हाक द्यायच्या, “कोणी हाय का घरात?” उत्तर येत नसेच. तरी क्षणभर थांबायच्या, मगच पाय आत टाकायच्या. जाम नदीच्या काठी एक बंद पडलेलं कापसाचं जिन होतं, यंत्रं काढून नेलेली, पत्रे उडालेले. तिथंही त्यांनी हाक दिली.

“आई, हे जिन आहे. इथं घर कुठलं?”

“तं काय झालं? दार हाय नं त्याले?”

या हाकेपायी एकदा फजिती झाली. नदीपलीकडे सावरगावात लढाईच्या काळातलं एक धान्याचं गोदाम ओस पडलं होतं. तेव्हा धान्यावर कंट्रोल होता, माणसं पिशव्या घेऊन तिथं रांगा लावत. सासूबाईंनी गोदामाच्या दारात हाक दिली, मी पलीकडे उभी राहून कॅमेरा पोटाशी धरून खाली बघत होते, आणि बघता बघता मागे दहा-पंधरा माणसं गोळा झाली. शहरी पातळ, हातात डबा, बरोबर छत्रीवाली बाई. त्यांनी आपलं गणित मांडलं. एक म्हातारा पुढे येऊन हात जोडून म्हणाला, “बाई, कंट्रोल पुन्हा लागून राहिला का वो?” मी नाही म्हटलं तर कुणाला पटेना. सरकारी माणूस खरं थोडंच सांगणार? संध्याकाळपर्यंत सावरगावातल्या दोन दुकानांतली साखर संपली. सासूबाई घरी येऊन इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

फोटोत यायला मात्र त्या मुळीच तयार नसत. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, यावर त्यांचा ठाम विश्वास. मी कॅमेरा वर करायला लागले की त्या खांबामागे जायच्या. सौंसरजवळ एका खेड्यात मालगुजाराची, म्हणजे जमीनदाराची, कचेरी होती. मालगुजारी गेली तसे मालगुजार नागपूरला जाऊन राहिले आणि कचेरीत वटवाघळं आली. आत एक दगडी ओटा होता, मालगुजाराच्या बैठकीचा. सासूबाई त्यावर चढून मांडी घालून बसल्या.

“माहा बाप इथं भायेर उभा राह्यचा, उन्हात,” त्या म्हणाल्या. “आत यायची सोय नोहती. आता पाह्य मी कोठी बसली हाय ते.”

“मग काढू का फोटो?”

तेवढ्यावर उठून पळाल्या. त्या फोटोत ओट्यावर नुसती छत्री आली आहे.

मग प्रांतांची मोडतोड झाली. नागपूर तिकडे मुंबई राज्यात गेलं, आम्ही इकडे मध्य प्रदेशात राहिलो. गावातले लोक पारावर नकाशा पसरून भांडायचे. कुणी म्हणे आपल्यालाही तिकडेच घ्यायला हवं होतं, कुणी म्हणे इकडे काय वाईट आहे. नकाशात आमचं गाव बोटाखाली झाकून जाई. राजधानी उठून भोपाळला गेली, आणि सचिवालयातल्या कारकुनांची वाटणी झाली. जो ज्या मुलखातला तो त्या राज्याच्या वाट्याला, असा काहीसा हिशेब होता. नवरा पांढुर्ण्याचा, म्हणून तो भोपाळच्या वाट्याला आला. त्या नोव्हेंबरात वळकटी आणि एक ट्रंक घेऊन तो गेला, आणि शनिवार संपले.

जाताना त्यानं सांगितलं ते असं: क्वार्टर मिळालं की दोघींनी यायचं. मी शाळा सोडायची, घराला कुलूप लावायचं. मी म्हटलं, बदली मागून बघते. तो म्हणाला, “मराठी शाळेतल्या मास्तरणीला भोपाळात कोण बदली देणार? आणि तुला हिंदी शिकवता येणार आहे का?” ते खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला. शाळा ही माझी एकच गोष्ट होती. तिचा कंटाळा करायचा हक्कही माझाच होता, तो मला दुसऱ्या कुणाला द्यायचा नव्हता.

सासूबाईंनी तर लेकाला सांगून विषयच संपवला. “मी नाही येत. मले त्याईची बोली समजत नाही. तू कचेरीत जाशीन, दिवसभर माह्याशी कोण बोलन? भिताडं?” त्यांना बोलण्यावाचून चैन पडत नसे. सकाळी उठल्यापासून त्या गाईशी, शेजारणीशी, भाजीवालीशी, कुणी नसलं तर डाळीतल्या खड्यांशी बोलत. मला कधी कधी त्या बोलण्याचा इतका वीट येई की मी शाळेच्या वह्या तपासायच्या निमित्तानं दार लावून घेई. तरी मला कळत होतं की त्यांचं म्हणणं हट्ट नाही. बोलणं बंद झालं तर ही बाई वाळून जाईल, अशी मलाही भीती वाटायची.

तेव्हा प्रश्न एवढाच होता. एक तर मी शाळा सोडायची आणि त्यांनी गाव सोडायचं. नाहीतर नवऱ्यानं तिथं एकट्यानं राहायचं. दर पत्रात तो विचारायचा, आईला समजावलंस का? दर पत्राला मी उत्तर द्यायचे, प्रयत्न चालू आहे. प्रयत्न मी काहीच करत नव्हते. मला समजावायचं नव्हतं, समजून घ्यायचं नव्हतं, मला फक्त कुणीतरी हा प्रश्न माझ्या डोक्यावरून उचलून न्यायला हवा होता. नाताळात रजा मिळाली नव्हती, संक्रांतीलाही मिळाली नाही.

संक्रांत झाल्यावर एके दिवशी सासूबाई तीळ निवडता निवडता म्हणाल्या, “माहा एक फोटो काढ.”

मला वाटलं, थट्टा करतात. “आणि आयुष्य?”

“आयुष्य झालं तेवढं पुष्कळ झालं. त्याले माय पाहिजे नं? फोटो पाठवून दे. मी नाही जात, माहा फोटो जाईन भोपाळले.”

मला हसू आलं. मुलासाठी त्या तेवढं द्यायला तयार होत्या, आयुष्यातला एक तुकडा; फक्त गाव द्यायला तयार नव्हत्या. मी म्हटलं, अंगणात ऊन आहे, बसा. तर त्या म्हणाल्या, आपल्या घरासमोर नाही. मातीच्या भिंती, गळकी कौलं. भोपाळचे लोक काय म्हणतील? मागं काही पक्कं पाहिजे. साहेबाचा बंगला पाहिजे.

साहेबाचा बंगला म्हणजे रामाकोन्याच्या पुढे रानात एक विटांची इमारत होती. साहेब गेल्यापासून तिला कुणी वाली नव्हता. मी तिचे पूर्वी दोन फोटो काढले होते, कारण ती माझ्या संग्रहातली सगळ्यात देखणी पडकी इमारत होती: समोर तीन कमानी, मागचं छप्पर खाली आलेलं, भिंतीतून पिंपळ निघालेला, पायऱ्यांवर गुडघाभर गवत. सासूबाईंनी मात्र हा बंगला लहानपणी पाहिला होता. तेव्हा तिथं घोडे होते, दोरीचा पंखा होता, आणि माहेरच्या संत्र्यांची टोपली घेऊन त्या बापाबरोबर मागच्या दारी गेल्या होत्या. त्यांना तिथं गवत दिसतच नसे. त्यांना कमानी दिसत.

मी सांगितलं, आई, फोटोत ती पडझड सगळी येईल. त्या म्हणाल्या, “येऊ दे. तुले तेच दिसते. पाहणाऱ्याले कमान दिसन.”

माघातलं ऊन होतं, मऊ आणि स्वच्छ. त्यांनी लग्नकार्यातलं लुगडं नेसलं होतं. पायऱ्यांपाशी आल्यावर नेहमीप्रमाणे चपला काढल्या, हाक दिली, थांबल्या, आणि मग मधल्या कमानीखाली सर्वांत वरच्या पायरीवर बसल्या. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान ताठ. मी म्हटलं, श्वास घ्या, जीव जात नाही. त्यांनी श्वास घेतला नाही. मी कळ दाबली. माणसांचे मी काढलेले सगळे फोटो एकीकडे आणि हा एकीकडे, असा तो आला. नागपूरला जाणाऱ्या एका शिक्षिकेनं रोल धुऊन आणला आणि मी एक प्रत भोपाळला पाठवली. सोबत एवढंच लिहिलं की आईंचा फोटो आहे, हट्टानं काढून घेतला.

दहाएक दिवसांनी भर दुपारी, शाळेतून आले तर ओसरीवर वळकटी. नवरा आत पाटावर बसला होता आणि सासूबाई त्याच्यासमोर उकिडव्या बसून त्याचं तोंड न्याहाळत होत्या. तो संतापला होता. खिशातून तो फोटो काढून त्यानं माझ्यापुढे टाकला.

“हे काय पाठवलंत तुम्ही दोघींनी?”

झालं होतं असं. भोपाळला तो अजून आठ कारकुनांबरोबर एका मोठ्या खोलीत राहत होता. पाकीट आलं ते सगळ्यांसमोर उघडलं. पडकं छप्पर, भिंतीतून आलेलं झाड, पायरीवर बसलेली म्हातारी. कुणीतरी हळूच विचारलं, “माताजी यहाँ रहती हैं?” नवरा सांगतोय, हा आमच्या घराचा फोटो नाही, माझ्या बायकोला पडक्या घरांचे फोटो काढायचा छंद आहे, पण असल्या छंदावर कोण विश्वास ठेवणार? लोकांना वाटलं, बिचारा लाजेनं लपवतोय. संध्याकाळपर्यंत गोष्ट हेडक्लार्कपर्यंत गेली. तीन महिने रजेचा अर्ज बाजूला सारणाऱ्या त्या माणसानं याला बोलावून घेतलं, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, “पहले माँ का बंदोबस्त करो.” रजा मंजूर. वर दोघांनी जुनी घोंगडी दिली.

घोंगड्यांचं ऐकून मला हसू आवरेना. तो आणखी चिडला. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, “सुट्टी भेटली नं? मंग काहून ओरडून राहिला?” त्यांनी हे मुद्दाम केलं असेल का, असं पुढे बऱ्याच जणांनी मला विचारलं. मुळीच नाही. त्यांना खरोखर कमानच दिसली होती. फोटो हातात घेऊन त्या अजूनही म्हणत होत्या, एवढी मोठी कमान सोडून त्या लोकांनी गवत काहून पाहिलं?

राग उतरल्यावर नवरा जेवायला बसला. आम्ही दोघी त्याला जेवताना पाहत होतो. तो खात नव्हता, भरत होता. गळपट्टीतून मान बाहेर आली होती. खानावळीच्या तिखट-तेलकटानं पोट बिघडलं होतं, रात्री खोकला होता. ज्वारीची भाकरी त्यानं हातात घेऊन नुसती वासासाठी नाकाशी धरली. मला त्याची दया आली, आणि दया आल्याचा रागही आला, कारण पुढे काय येणार हे मला दिसत होतं.

ते दुसऱ्या दिवशी आलंच. क्वार्टर मिळालं आहे, नवं आहे, नळ आहे. आईला यायचं नसेल तर नको, मावसभावाकडे तिची सोय करू. पण आता मी आलंच पाहिजे. राजीनामा दे, परवा माझ्याबरोबर नीघ. तो काही दुष्टपणानं बोलत नव्हता. तो थकला होता. मीही थकले होते. दोन थकलेली माणसं भांडतात तेव्हा आवाजही फार चढत नाही. नुसतं पुन्हा पुन्हा तेच बोललं जातं. त्याला बायको हवी होती की स्वयंपाकीण, हे मी विचारलं नाही. शेवटी मी म्हटलं, बरं, देते राजीनामा. माझ्यात पुढे ओढायचं बळच राहिलं नव्हतं. सासूबाई दारात बसून सुपातलं पाखडत होत्या. त्या दिवशी त्या सुपाशीदेखील बोलल्या नाहीत.

निघायच्या दिवशी सकाळी मी अर्ज लिहून पदराला बांधला आणि शाळेत द्यायला निघाले. सासूबाईंनी अंगणात अडवलं. त्यांनी ट्रंकेतली लुगडी काढून एका चादरीत गाठोडं बांधलं होतं. वर पोळपाट ठेवला होता, शेजारी तवा.

“कोठी जाऊन राहिली?”

“शाळेत. अर्ज द्यायला.”

“काही नको देऊ. मी जातो त्याच्या संगं.”

मला वाटलं, ऐकण्यात काही चुकलं. मी म्हटलं, आई, तुम्ही? तिथं तुमच्याशी कोण बोलणार, म्हणून तर...

“त्याले भाकर पाहिजे,” त्या म्हणाल्या. “भाकर मले येते. शाळा मले येत नाही.”

मी खूप म्हटलं. अगदी हातापाया पडले म्हणायला हरकत नाही, आणि त्या म्हणण्यात अर्धं मन नव्हतं हे त्यांना दिसत होतं. नवरा गोंधळून एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला.  दुपारी आम्ही स्टेशनवर गेलो. गाडीत बसताना त्या तव्याचं गाठोडं कुणाच्या हातात देईनात. खिडकीशी बसल्या आणि मला म्हणाल्या, पाणी उन्हाच्या आधी भरून ठेवत जा, आणि आता एकटीनं त्या पडक्या घराईत जाऊ नको, साप असतात. गाडी हलली तरी त्या कुठलं तरी लोणचं कुठल्या बरणीत आहे ते सांगत होत्या. माझं लक्ष नव्हतं. मी रडत होते, आणि मला स्वतःची सुटका झाल्यासारखंही वाटत होतं, आणि त्या दोन्हीची एकाच वेळी लाज वाटत होती.

त्या शाळेतून मी पुढे निवृत्त झाले. सासूबाई पांढुर्ण्याला पुन्हा राहायला आल्या नाहीत.

पहिल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी भोपाळला गेले. सगळंच नवं होतं. एकसारखी क्वार्टरं, सिमेंटची जमीन, चुन्याचा वास. ओस पडावं इतकं जुनं तिथं काहीच नव्हतं, कॅमेरा मी पिशवीतून काढलाच नाही. सासूबाईंनी तो बंगल्याचा फोटो भिंतीवर लावला होता. शेजारच्या बायका त्यांना कोठीवाली, म्हणजे बंगलेवाली, अम्मा म्हणत. त्या फोटोत त्यांना कमान दिसली होती आणि ही म्हातारी मोठ्या घरची, असं त्यांनी धरून चाललं होतं. बायका आल्या की हात जोडत, दोन वाक्यं बोलत, सासूबाई मान हलवत, आणि त्या परत जात. बस्स, एवढंच. नवरा सकाळी जायचा तो दिवेलागणीला यायचा आणि जेवून झोपायचा. त्याला मुळातच बोलायची सवय नव्हती.

मी आले त्या दिवशी त्या फार बोलल्या नाहीत. मला वाटलं, रागावल्या आहेत. मग लक्षात आलं, त्यांचा आवाजच बारीक झाला होता. पहिले दोन शब्द नीट उमटत नसत, घसा खाकरून पुन्हा सुरू करावं लागे. वरणात मीठ कमी आहे, हेसुद्धा त्या म्हणाल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी भांडी आवरून त्या माझ्याजवळ सिमेंटच्या जमिनीवर आडव्या झाल्या, आणि माझ्या पदराचं टोक धरून म्हणाल्या, “बोल नं.”

“काय बोलू?”

“काहीबी बोल.”

मी बोलले. शाळेतल्या मुलींचं सांगितलं, विहिरीवरचं सांगितलं, गाय कुणाकडे ठेवली, कुणाची सून माहेरी गेली, सगळं सांगितलं. त्यांच्या बोलण्याचा मला किती वीट येई, हे वर लिहिलंच आहे. तरी मी त्या दुपारी घसा कोरडा पडेपर्यंत बोलले. मग सांगण्यासारखं संपलं. मी थांबले तर त्यांनी डोळे न उघडता पदर ओढला. “थांबू नको.”

तेव्हा मला दुसरं काही सुचेना. मी पाढे म्हणायला लागले. बे एके बे, बे दुणे चार, वर्गात म्हणतात तसे, सुरावर. त्यांना पाढे कधी कुणी शिकवले नव्हते. त्या ऐकत होत्या आणि ओठ हलवत होत्या, आणि त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येऊन कानाकडे जात होतं. तिसापर्यंत गेले, मग पावकी, निमकी, पाऊणकी घेतली. नवरा कचेरीतून आला तेव्हा मी औटकीवर, साडेतीनच्या पाढ्यावर, होते. तो दारात चपला हातात घेऊन उभा राहिला आणि पाढा संपेपर्यंत आत आला नाही.